फिरत्या घराचा बंदोबस्त

कोलोरॅडोतले बर्फ एप्रिलअखेरीस ओसरले, अंगणातली वाट मोकळी झाली, आणि ऑक्टोबरपासून कुलपात असलेल्या आमच्या सतरा फुटी ट्रेलरचे दार उघडून ओट्याखालचा खण मी ओढला, तेव्हा मागल्या सहलीत विसरून राहिलेल्या पोह्यांच्या पुडीचा कुरतडलेला कागद, हात पुसण्याच्या पंच्याचे पिंजून काढलेले तंतू आणि भिंतीच्या पोटातून ओढून आणलेली गुलाबी काचतंतूंची लोकर यांचे मुठीएवढे, वाटोळे, अत्यंत नीटस असे एक घरटे त्या खणाच्या कोपऱ्यात मांडलेले मला दिसले. भोवती तांदळाच्या कण्यांएवढ्या काळ्या लेंड्यांचा सडा पडलेला होता, आणि पोह्याचा एक दाणा मात्र औषधालाही शिल्लक नव्हता. मी तत्क्षणी झाडू हाती घेतला. ते मी करावयास नको होते, ही गोष्ट मला पुढे वाचनाने कळली. आणि त्या वाचनातूनच फिरत्या घराच्या बंदोबस्ताचा हा सगळा प्रश्न एकदा साकल्याने पाहावा, अशी इच्छा उत्पन्न झाली.

ज्या वाचकांना ट्रेलर ही वस्तू परिचयाची नसेल, त्यांच्यासाठी तिचे स्वरूप प्रथम सांगितले पाहिजे. मोटारीच्या मागे आकड्याने जोडून ओढून न्यावयाचे हे चाकांवरचे घर. त्यात बिछाना, शेगडी, शीतपेटी, न्हाणीघर, पाण्याची टाकी, थंडीसाठी गॅसवर चालणारी भट्टी असा संपूर्ण संसार दीडदोनशे चौरस फुटांत बसविलेला असतो. १९३० नंतरच्या दशकात वॉली बायम यांच्या ‘एअरस्ट्रीम’सारख्या चकचकीत अॅल्युमिनियमच्या गाड्यांनी या घरांना प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि आज इंडियाना राज्यातील एल्कहार्ट व त्याच्या आसपासचा मुलूख हे या धंद्याचे मुख्य ठाणे आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, मोटारीला ओढता यावे म्हणून हे घर हलके करावे लागते. हलके करावयाचे म्हणून त्याच्या भिंती पातळ व पोकळ, आणि पोकळीत लोकर किंवा फेस भरलेला. तळाला पोलादी सांगाड्याखाली बहुधा प्लास्टिकचा पातळ पत्रा. आणि पाण्याचे नळ, सांडपाण्याची नळी, गॅसची नळी, विजेच्या तारा यांच्यासाठी त्या तळाला व भिंतींना पाडलेली भोके नळाच्या जाडीपेक्षा नेहमी थोडी मोठीच. शिवाय हे घर वर्षातले सातआठ महिने निर्मनुष्य उभे असते. उबदार, पोकळ, अंधारे, निःशब्द आणि चारी बाजूंनी सच्छिद्र अशी वास्तू हिवाळ्याच्या तोंडी रानाच्या कडेला नेऊन ठेवल्यावर, तीत उंदीर शिरला याचे नवल करण्यापेक्षा तो शिरला नसता तर नवल करावे, हेच योग्य होय.

शिरणाऱ्यांत दोन जाती प्रमुख. एक आपल्या माजघरात पिढ्यान्‌पिढ्या वावरणारा घरउंदीर, आणि दुसरा उत्तर अमेरिकेच्या रानावनांतला ‘डिअर माउस’, म्हणजे हरणउंदीर: पाठ तपकिरी, पोट व पाय शुभ्र, शेपूट वरून काळसर व खालून पांढरे, डोळे मोठे व टपोरे, दिसावयास खरोखर मोहक. घरउंदराचे वजन अवघे वीस ग्रॅम, दिवसाचा आहार सुमारे तीन ग्रॅम. परंतु मादीचा गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा, एका वेतात पाचसहा पिल्ले, वर्षाला पाच ते दहा वेते, आणि पिल्लू सहा ते दहा आठवड्यांत स्वतः प्रजननक्षम, हा हिशेब मांडला म्हणजे ऑक्टोबरात शिरलेल्या एका जोडप्याचे एप्रिलात काय होत असेल ते निराळे सांगावयास नको. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. कुरतडणे हा त्याचा देहधर्म आहे, आणि तारेवरचे आवरण, पाण्याची प्लास्टिकची नळी, गादीचा फेस या सर्वांवर त्या देहधर्माची अंमलबजावणी होते. हरणउंदीर हिवाळ्यात झोपी जात नाही, तर बी-बियाणे साठवून त्यावर गुजराण करतो. साठवणीसाठी त्याला कोरडा कोनाडा हवा असतो, आणि ट्रेलर म्हणजे कोनाड्यांचेच घर. नैर्ऋत्येकडील वाळवंटी प्रदेशात यांच्या जोडीला ‘पॅक रॅट’ नावाचा मोठा उंदीर येतो. काटक्या, निवडुंगाचे तुकडे, चकाकणाऱ्या वस्तू यांचा ढीग तो गाडीच्या यंत्राशेजारी रचतो, आणि अधिक आवडीची वस्तू वाटेत दिसली की तोंडातली तेथेच टाकून ती उचलतो.

नुकसान पैशांचे असते तोवर ते सोसता येते. परंतु या प्रश्नाला जिवाची बाजू आहे. १९९३ च्या मे महिन्यात न्यू मेक्सिको, अॅरिझोना, युटा आणि कोलोरॅडो ही चार राज्ये जेथे एकमेकांना भिडतात, त्या टापूतील धडधाकट तरुण माणसे प्रारंभी साधा ताप व अंगदुखी होऊन, पुढे फुप्फुसात पाणी भरून दगावू लागली. शोधाअंती कारण ठरला तो एक अज्ञात विषाणू. तो हरणउंदराच्या मूत्रात, लाळेत व विष्ठेत असतो, आणि ती वाळून तिची धूळ हवेत उडाली म्हणजे श्वासावाटे माणसाच्या शरीरात जातो. आदल्या हिवाळ्यातील भरपूर पर्जन्याने रानमेवा पिकला होता आणि उंदरांची संख्या कित्येक पटींनी वाढली होती. या विषाणूस पुढे ‘सिन नोम्ब्रे’, म्हणजे स्पॅनिश भाषेत ‘निनावी’, असे नाव मिळाले. त्याच्या हंताव्हायरस या कुळास मात्र कोरियातील हंतान नदीचे नाव आहे. श्वसनाची लक्षणे प्रकट झालेल्या दर दहा रुग्णांपैकी जवळपास चार दगावतात, आणि त्यावर रामबाण औषध अद्याप नाही. उंदराने घरात येता कामा नये, त्याचा स्पर्श झालेले वस्त्र जवळ ठेवता कामा नये, ही त्या प्रदेशातील नवाहो लोकांची परंपरागत शिकवण होती. विज्ञानाने तिचा अर्थ उलगडला तो या साथीनंतर.

पुढे २०१२ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात दहा प्रवाशांना हाच रोग झाला आणि त्यांतील तिघे मरण पावले. दहांपैकी नऊ जण करी व्हिलेज येथील विशिष्ट प्रकारच्या तंबूघरांत राहिलेले होते. थंडी लागू नये म्हणून त्या तंबूघरांना दुहेरी भिंती करून मध्ये ऊब राखणारा थर भरलेला होता, आणि नेमक्या त्या पोकळीत उंदरांनी वस्ती केली होती. अशी ९१ तंबूघरे बंद करावी लागली. ट्रेलरच्या मालकाने हे उदाहरण पुनःपुन्हा मनात आणावे, कारण त्याच्या घराची भिंतही त्याच घडणीची असते.

आता मी त्या दिवशी केलेली चूक स्पष्ट होईल. वाळलेल्या लेंड्यांवर कोरडा झाडू अथवा धूळ ओढणारे यंत्र फिरविणे म्हणजे त्या धुळीला स्वतःच्या नाकापर्यंत आणून पोचविणे. योग्य रीत अशी: दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबावे, रबरी हातमोजे घालावे, एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी असे ताजे मिश्रण करून घरट्यावर व लेंड्यांवर ते चिंब होईतो शिंपडावे, पाच मिनिटे थांबावे, मग ओल्या कागदाने टिपून ते सारे दुहेरी पिशवीत बांधून टाकावे, जमीन त्याच पाण्याने पुसावी, आणि शेवटी हातमोज्यांसकट हात धुवावे. या रीतीला पाऊण तास लागतो, आणि वर्षाच्या पहिल्या सहलीच्या उत्साहात नेमका तेवढाच धीर माणसाजवळ नसतो.

मराठी वाचकाला हा विषय दूरदेशीचा वाटत असला, तर त्याने आपल्याच प्रांताचा इतिहास आठवावा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या शेजारी, मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. हाँगकाँगहून आलेली तीच जागतिक साथ १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोचली, आणि तेथून प्लेगचे जंतू पश्चिम अमेरिकेच्या रानखारींमध्ये जे वस्तीला गेले ते आजतागायत तेथे आहेत. २०१५ च्या उन्हाळ्यात योसेमिटीत मुक्कामाला गेलेल्या एका मुलास प्लेग झाला. तो बरा झाला, परंतु पिसवांच्या नाशासाठी तेथील मुक्कामाची मैदाने काही दिवस बंद ठेवावी लागली. आमच्या आजीच्या तोंडी ‘उंदीर पडू लागले’ हे शब्द तिने तिच्या वडीलधाऱ्यांकडून जसे ऐकले होते तशाच धास्तीने येत; उंदीर पडले म्हणजे घराला कुलूप लावून गाव सोडावयाचे आणि माळावर झोपड्या घालून राहावयाचे, अशी त्या काळची वहिवाट होती. मेलेल्या उंदराचे अंग गार पडताच पिसवा ते सोडतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधतात, हे मर्म पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये कराचीत केलेल्या प्रयोगाने उघड झाले. तात्पर्य, उंदीर मेला म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे. तो कोठे मेला, हेही पाहावे लागते.

उपायांच्या बाजारात शिरले की मनुष्य गोंधळतो. सर्वांत लोकप्रिय उपाय वासाचे: पेपरमिंटचे तेल, उग्र साबणाच्या वड्या, कपडे वाळविण्याच्या यंत्रात घालावयाचे सुगंधी कागद, आणि आपल्याकडे ट्रंकेत घालतात त्या डांबराच्या गोळ्या. पहिल्या तिहींविषयी अनुभव असा की, वास ताजा असेतो उंदीर कदाचित बिचकतो, परंतु वास आठवड्यात उडतो आणि हिवाळा पाच महिने टिकतो. एका स्नेह्यांच्या ट्रेलरमध्ये त्या सुगंधी कागदांचेच तंतू घरट्यात विणलेले मी पाहिले आहेत. डांबरगोळ्यांची गोष्ट अधिक गंभीर. नॅफ्थॅलीन किंवा पॅराडायक्लोरोबेन्झीन यांची ही वाफ बंद डब्यातील लोकरी कपड्यांच्या किड्यांसाठी आहे. उंदरांसाठी ती खोलीत उघडी पसरणे हे वेष्टनावरील सूचनेच्या विरुद्ध असल्यामुळे अमेरिकेत कायद्यानेही मना आहे, आणि ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या विकराची न्यूनता असते अशांना, विशेषतः बालकांना, नॅफ्थॅलीनमुळे रक्तपेशी फुटून गंभीर आजार होऊ शकतो. गादीत मुरलेला तो वास पुढे उन्हाळाभर हटत नाही, हा भुर्दंड वेगळाच.

वासानंतर नाद. माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च ध्वनिलहरींनी उंदीर पळवून लावण्याचा दावा करणारी यंत्रे दुकानोदुकानी मिळतात. परंतु अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००१ मध्ये अशा यंत्रांच्या ६० हून अधिक उत्पादकांना व विक्रेत्यांना, शास्त्रीय पुराव्यावाचून असे दावे करू नयेत, अशी ताकीद दिली होती. ध्वनिलहरी कपाटाच्या फळीआड पोचत नाहीत, आणि उंदीर नादालाही सरावतो.

विषाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी हिमवादळातून, मेलेली कालवड व दुधाच्या कॅनमध्ये तिचे न गोठलेले रक्त घेऊन मॅडिसन येथील विद्यापीठात आला, आणि कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने सडलेल्या गवतातील रक्त पातळ करणाऱ्या द्रव्याचा शोध सुरू केला. त्यातून निघालेले वॉरफरिन १९४८ पासून उंदरांचे विष म्हणून विकले जाऊ लागले, आणि पुढे तेच माणसांच्या हृदयविकारात औषध ठरले. उंदरांनी त्यास दाद देणे सोडले तेव्हा ब्रोडिफाकूमसारखी अधिक जालीम विषे आली. परंतु ती उंदराच्या देहात टिकून राहतात, आणि तो उंदीर खाणारे घुबड, ससाणा, कोल्हा, पहाडी सिंह यांच्या रक्तात उतरतात. म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी त्यांच्या विक्रीवर निर्बंध घालण्याचे ठरविले, आणि कॅलिफोर्नियाने २०२१ च्या आरंभापासून त्यांच्या बहुतेक वापरास मनाई केली. ट्रेलरपुरते बोलावयाचे तर विष खाल्लेला उंदीर मरावयास भिंतीच्या पोकळीत जातो. तेथे त्याचा देह कुजतो, आणि भिंत फोडल्यावाचून तो काढता येत नाही. ज्या रानाच्या दर्शनासाठी हे घर घेतले, त्याच रानातील घुबड त्या घरातील विषाने मरावे, ही गोष्ट मला सहन होण्यासारखी वाटत नाही.

यापेक्षा जुना चाप पुष्कळ प्रामाणिक. इलिनॉय राज्यातील अॅबिंग्डनच्या विल्यम हुकर यांनी १८९४ मध्ये स्प्रिंगच्या चापाचे पेटंट घेतले. त्या रचनेत आजवर फारसा बदल करावा लागलेला नाही. घरउंदीर आपल्या बिळापासून साधारणतः तीन ते दहा मीटरांच्या आतच वावरतो आणि भिंतीला चिकटून चालतो, म्हणून चाप भिंतीशी काटकोनात, त्याची चिमटी भिंतीकडे करून, एकाऐवजी पाचसहा लावावे. लोणी-चीजपेक्षा शेंगदाण्याच्या लगद्याचा थेंब अधिक गुणकारी. मरण क्षणात येते आणि देह हाती लागतो, हे चापाचे दोन गुण. चिकट फळ्यांवर मात्र प्राणी तासन्‌तास तडफडत राहतो. त्या वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु चाप हा आत आलेल्याचा उपाय आहे. वाट उघडी ठेवून नुसते चाप लावणाऱ्यास सर्व हिवाळाभर चापच लावीत बसावे लागेल.

तेव्हा मुख्य काम वाट बंद करण्याचे. पेन्सिल जेथून जाईल, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटरची फट, तेथून लहान उंदीर शिरतो. घुशीएवढ्या उंदराला त्याच्या दुप्पट पुरते. या भोकांचा तपास करण्याची एक रीत मी दर शरद ऋतूत पाळतो. अमावास्येच्या सुमाराची रात्र निवडून एक प्रखर दिवा ट्रेलरच्या खाली सरकवावयाचा, आतले सर्व दिवे मालवावयाचे, आणि ओट्याखालचे, बिछान्याखालचे, न्हाणीघरामागचे एकेक कपाट उघडून त्या अंधारात पालथे पडून पाहावयाचे. जेथे नळाच्या भोवती चंद्रकोरीसारखी उजेडाची रेघ दिसेल, तेथे खडूने खूण करावयाची. पहिल्या वर्षी मी अशा एकोणीस खुणा केल्या. सर्वांत मोठी भट्टीच्या मागे, गॅसची नळी जमिनीतून वर येते तेथे होती, आणि तीत माझे दोन अंगठे शेजारी शेजारी बसत होते.

दुसऱ्या दिवशी भोके बुजविण्याचे काम. नुसता फवाऱ्याचा फेस भरल्यास उंदीर तो खुशाल कुरतडतो. भांडी घासण्याची लोखंडी तारेची घासणी कोंबल्यास ती काही दिवस टिकते, परंतु गंजून तिचा चुरा होतो. म्हणून तांब्याची किंवा न गंजणाऱ्या पोलादाची विणलेली जाळी कात्रीने कापून, तिचा बोळा करून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने नळाभोवती चहूकडून ठासावा, आणि वरून सिलिकोनने लिंपून घ्यावे. जाळीने दात अडतात आणि सिलिकोनने जाळी अडते. मोठ्या छिद्रांवर पाव इंची चौकटीची जस्ताची जाळी खिळवावी. तळाचा प्लास्टिकचा पत्रा जेथे सांगाड्याला जोडला आहे त्या कडा, चाकांवरच्या कमानी, विजेची दोरी बाहेर काढण्याची झडप, सरकत्या खोलीच्या रबरी पट्ट्या आणि सांडपाण्याची नळी ठेवण्याची मागची पोकळ पट्टी, ही पाच ठिकाणे बहुतेक मालक विसरतात. त्याबरोबरच आतून अन्नाचा कणही ठेवू नये: पोहे, रवा, डाळी तर नव्हेतच, पण साबण, मेणबत्ती आणि कुत्र्याचे खाद्यही नको, गाद्या उभ्या कराव्या, खण ओढून ठेवावे, आणि सभोवतीचे गवत व सरपणाची रास दूर करावी. महिन्यातून एकदा किल्ली घेऊन आत फेरी मारणे, हा बंदोबस्त सर्वांत स्वस्त, आणि हयगयही त्याचीच सर्वांत अधिक होते.

कीटकांचा परामर्श संक्षेपाने घेतला तरी त्यांतील एक भाग जोखमीचा आहे. गॅसला येणारा वास काही कोळ्यांना आकर्षित करतो, असे म्हणतात. एका जातीचे कोळी इंधनाच्या टाकीच्या हवानळीत जाळे विणीत असल्यामुळे माझ्दा कंपनीने २०११ मध्ये अमेरिकेत ५०,००० हून अधिक मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. ट्रेलरच्या शीतपेटीच्या वा पाणी तापविण्याच्या भांड्याच्या ज्योतनळीत असे एक जाळे पुरे असते. ज्योत पिवळी होते, काजळी धरते. आपल्याकडे जिला कुंभारीण म्हणतात, ती मातीची घरे करणारी माशी भट्टीच्या धुराड्यात घर बांधते, आणि धूर बाहेर जाण्याची वाट बुजली तर कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन वायू झोपलेल्या माणसांपर्यंत पोचू शकतो. म्हणून हंगामाच्या आरंभी हे सर्व जळणमार्ग तपासून घ्यावे आणि वायूची सूचना देणारे यंत्र चालू आहे याची खात्री करावी. जाळी लावताना भट्टीच्या पुस्तिकेत मनाई तर नाही ना, हे आधी पाहावे. काही भट्ट्यांच्या तोंडावर जाळी लावल्याने हवेचा मार्गच आखडतो. मुंग्या चाके, टेकू, नळ्या व विजेची दोरी यांवरून चढतात. ट्रेलर जमिनीला ज्या ज्या ठिकाणी टेकतो, तेथेच साखर व बोरॅक्सचे आमिष ठेवावे. जुना ट्रेलर विकत घेताना गाद्यांच्या शिवणी उलगडून ढेकणांचा तपास करावयास मात्र कोणीही संकोचू नये.

येथवर उंदीर आत येऊ नये म्हणून काय करावे, याचा विचार झाला. परंतु चाकांवरच्या घराला आणखी एक जबाबदारी आहे, जी स्थिर घराला नसते: ते आपल्या अंगावर इतरांचे संकट वाहून नेऊ शकते. १८६९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड येथे एका फ्रेंच गृहस्थाने युरोपातून आणलेला एक पतंग निसटला, आणि आज त्याच्या सुरवंटांनी पूर्वेकडील ओकवृक्षांची जंगले पर्णहीन होतात. हा पतंग आपली अंडी ट्रेलरच्या तळाला, चाकांच्या कमानीला, पायऱ्यांखाली घालतो, म्हणून बाधित प्रदेशातून बाहेर पडताना अशी वाहने तपासण्याचा तेथील कृषिखात्याचा नियम आहे. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स परगण्यात आढळलेला ठिपक्यांचा तुडतुडा वाळलेल्या चिखलाच्या फराट्यासारखी अंडी घालतो. २००२ मध्ये मिशिगनात सापडलेल्या हिरव्या भुंग्याने कोट्यवधी अॅश वृक्ष मारले, आणि त्याचा प्रसार होण्याचे एक मोठे कारण म्हणजे प्रवाशांनी गाडीत घालून नेलेले सरपण. म्हणून जळाऊ लाकूड जेथे घ्यावे तेथेच जाळावे. आणि मुक्काम हलविण्यापूर्वी दिवा घेऊन गाडीखाली एकदा वाकून पाहावे.

फट बुजविताना मी घराचे रक्षण करतो, आणि गाडीखाली वाकताना पुढल्या रानाचे. दोन्ही वेळा दिवा तोच असतो आणि गुडघे त्याच जमिनीवर टेकलेले असतात. आमच्या पूर्वजांना उंदरापायी घर सोडून माळावर जावे लागले. आम्ही हौसेने माळावर जातो, घर बरोबर नेतो. मग त्या घराची राखण करण्याचा कंटाळा आम्ही करावा, हे शोभत नाही. गेल्या ऑक्टोबरात दिवा ट्रेलरखाली सरकवून मी पुन्हा अंधारात पालथा पडलो, तेव्हा उजेडाची एकच बारीक रेघ दिसली, न्हाणीघराच्या नळापाशी. तीही मी जाळीने ठासून लिंपली. आणि एप्रिलात खण ओढला तेव्हा त्यात जसाच्या तसा, घडी न मोडलेला, एक पंचा होता.